शीड किती वेळ उघडं राहणार?

काका, नमस्कार. येत्या जानेवारीत माझ्या सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये) होते, उमरेडच्या खाणीत. नोकरी कोळशाच्या धुळीत गेली. समुद्र पाहिला तो दोनदा, तोही गुडघाभर पाण्यातून. त्यांची एकच इच्छा आहे, शिडाच्या बोटीत बसायचं. आम्ही आठ जण आहोत: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलं (वय 11 आणि 6), नणंद आणि तिचे यजमान. तीन ठिकाणी चौकशी केली. मुंबईला गेटवेहून लहान शिडाची बोट, दोन तासांचे 9 हजार. पण तो म्हणतो सहाच जण घेईन, आठ असाल तर दोन बोटी घ्या. गोव्यात ‘लक्झरी सेलिंग याट’, दिवसभर, जेवण आणि डीजेसकट 65 हजार. तिसरा नंबर रीलवरून मिळाला, कोकणातला. तो म्हणतो, “आठच काय, बारा बसतात, या तुम्ही,” दिवसाचे 12 हजार. आमचे हे गोवा म्हणतात. आईंचे गुडघे दुखतात. पाण्याच्या बाबतीत आमची धाव फुटाळा तलावाच्या काठापर्यंत. फसगत न होता निवडायचं कसं?
– एक सून, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई,

पहिली बोट घ्या. दोन घ्या. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण तुम्हाला घरी यजमानांना पटवायचं आहे आणि मला हा विषय निघाला की थांबता येत नाही, म्हणून पुढचं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. मुंबईचा माणूस सहाच्या बोटीत आठ घ्यायला तयार नाही. तुम्हाला वाटलं असेल, दुसऱ्या बोटीचे पैसे काढतोय. काढतही असेल, धंदा आहे त्याचा. पण तुम्ही ज्या तिघांशी बोललात त्यांत ‘नाही’ हा शब्द उच्चारणारा तो एकटाच. वारा चढला, आभाळ भरून आलं, एखादं पोर घाबरलं, की तेव्हाही तुम्हाला असाच माणूस बोटीवर हवा असतो. जो फोनवर बारा बसवतो तो पाण्यात काय नाकारणार?

आपली इथली सवयही जरा आड येते. सहा सीटर ऑटोत अकरा जण बसून आपण मोठे झालो. धाकटं पोरगं मांडीवर आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. बोटीला ते चालत नाही. प्रवाशांची संख्या बोटीच्या सर्वेक्षणाच्या दाखल्यावर लिहिलेली असते, आणि सहा वर्षांचं मूल त्यात पूर्ण एक माणूस म्हणून धरायचं. मांडी हिशेबात नसते. जुलै 2017 मध्ये आपल्याच वेणा जलाशयात होडी उलटली, ते नागपुरात अजून कोणी विसरलेलं नाही. तिथे समुद्र नव्हता, लाटा नव्हत्या. धरणाचं शांत पाणी होतं.

आता बोटीबद्दल. मी कॉलेजात असताना नेव्हल एनसीसीत होतो आणि आमचा सगळा समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव. निळ्या शिडाच्या एंटरप्राइझ जातीच्या छोट्या बोटी होत्या. पहिल्याच महिन्यात मी एक उलटी केली. केली म्हणजे झाली. वाऱ्याचा झोत आला, शिडाची दोरी सोडायची ती मी घट्ट धरून बसलो आणि डोलकाठी आडवी पाण्यावर. आमच्या उस्तादांनी काठावरूनच ओरडून सांगितलं, फळीवर उभा राहा. त्या बोटीला मधोमध खाली सरकणारी एक फळी असते, तिच्यावर चढून वजन टाकलं की बोट हळूहळू सरळ होते. मी सरळ केली, आत शेवाळलेलं पाणी, बूट वाहून गेलेला. घरी आईने विचारलं, बोटीत बसला होतास की बोटीखाली?

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की ‘शिडाची बोट’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक ही फळीवाली डिंगी, जी उलटणं हा शिकण्याचाच भाग आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला तिच्यात बसवायचं नाही. दुसरी कीलबोट. तिच्या तळाला शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंख कायमचा बसवलेला असतो. वाऱ्याने ती कलते, चांगली कलते, पण तो खालचा भार तिला परत ओढून उभी करतो. गेटवेसमोर नांगरलेल्या दिसतात त्या 24-26 फुटी शिडाच्या बोटी बहुतेक याच जातीच्या. फोनवर सरळ विचारा, “कीलबोट आहे का डिंगी?” कलणं सहन होणार नाही असं वाटत असेल तर कॅटमरान, म्हणजे दोन जुळ्या तळांची बोट. ती पाटासारखी सपाट चालते आणि आईंच्या गुडघ्यांना बरी. पण बाबांना जे हवंय, बोट एका कुशीवर झुकलेली आणि पाणी काठाला घासून जातंय, ते तिच्यात कमी मिळतं.

आणि गोव्याची ती ‘लक्झरी सेलिंग याट’? इथे माझी एक जखम आहे. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी असंच एका किनाऱ्याच्या गावी ‘सेलिंग’ बुक केलं होतं. जाहिरातीत पांढरंशुभ्र शीड फुगलेलं. प्रत्यक्षात ते शीड निळ्या ताडपत्रीत गुंडाळून दोरीने करकचून बांधलेलं, आणि गाठीवर कावळ्याची शीट वाळलेली. म्हणजे कित्येक दिवसांत ती गाठ कोणी सोडली नव्हती. मी विचारलं तर पोरगा म्हणाला, “ते फोटोसाठी असते काका.” दोन तास डिझेलचा धूर खात आम्ही किनाऱ्याला समांतर गेलो नि आलो. बायको अजून ऐकवते.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. भाडं नाही, जेवण नाही. “इंजिन किती वेळ बंद राहणार?” खरा शिडाचा माणूस या प्रश्नाने खूश होतो. तो सांगेल, धक्क्यापासून बाहेर पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं इंजिन, मग शीड, वारा असेल तोवर बंदच. वारा पडला तर परत यायला पुन्हा इंजिन. ज्याला प्रश्नच कळत नाही, किंवा “तुम्ही म्हणाल तेव्हा बंद करू ना” म्हणतो, त्याच्याकडे शीड शोभेचं आहे. डीजे लावणाऱ्या बोटीवर तर हा प्रश्नही विचारू नका. वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीची अर्धी मजा तिच्या आवाजात असते: दोऱ्या करकरतात, पाणी बुडबुडतं, कोणी बोललं नाही तरी चालतं. तिथे स्पीकर लावणं म्हणजे वसंतराव देशपांडे स्मृती सभागृहात मैफल चालू असताना मागच्या रांगेत फोनवर बोलणं.

तुम्हाला ‘दिवसभर’ हवंय असं पत्रात दिसतं. तो आग्रह सोडा. भूगोलात खारे आणि मतलई वारे शिकलेले आठवतात ना? परीक्षेसाठी पाठ केलेली ती दोन नावं इथे उपयोगी पडतील. हिवाळ्यात मुंबईच्या बंदरात पहाटेपासून मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, अंगावर शाल घ्यावी असा. ऊन वर आलं की तो मरतो, आणि दहा-अकराच्या सुमाराला पाणी बऱ्याचदा तव्यासारखं होतं. बोट नुसती डुलत राहते, शीड फडफडतं, आणि उलटी होणाऱ्यांना तेवढ्यात होऊन जाते. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा आत येतो. तीन ते सहा ही त्याची भराची वेळ. दिवसभराचे पैसे भरलेत तर त्यातला मोठा भाग तुम्ही वाऱ्याची वाट पाहण्यात घालवाल. दुपारी साडेतीनपासून दोन, फार तर अडीच तास भरपूर झाले.

सकाळ मोकळी राहील, ती राहू द्या. रात्रभर दुरांतोत काढल्यावर सीएसएमटीला उतरून लॉजवर अंघोळ, नाश्ता, दोन तास झोप. कोणी म्हणेल सकाळी घारापुरी करून घेऊ. लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, आईंच्या गुडघ्यांचं काय ते आधी ठरवा. आणि सोमवारी लेणी बंद असतात.

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. आठ ते चौदा नॉट म्हणजे तुमच्यासारख्या कुटुंबाला झक्कास. पाचच्या खाली बोट जेमतेम सरकते, आणि अठराच्या वर लहान मुलांना घेऊन कशाला? विंडी नावाचं ॲप आहे, त्यात मुंबईवर बोट ठेवलं की तासातासाचा वारा दिसतो. आठवडाभर आधीपासून रोज दुपारचे आकडे बाबांना वाचून दाखवा. पंचाहत्तरीच्या भेटीतली ही भेट फुकट आहे आणि तेवढीच आवडेल.

आता एक गोष्ट जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. भरती-ओहोटी. तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघतो तसं भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीही बघा. मुंबईच्या पाण्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे दीड मजला. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, आणि तिथून डुलत्या होडीत पाय टाकायचा. अपघात खोल समुद्रात होतील अशी आपल्याला भीती वाटते; पण पाय घसरतो तो बऱ्याचदा या चार पायऱ्यांवर.

कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. शुक्ल असो की वद्य, दोन्हीकडे चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरून स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, सांगेल. पण दिवस निवडायला हा पुरतो. पौर्णिमा किंवा अमावास्या आली तर भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे तुम्ही संध्याकाळी सहाला परत याल ती नेमकी ओहोटी, तीही उधाणाची. अंधार पडत आलेला, पायऱ्या निसरड्या, आईंचे गुडघे. उलट अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाण्याचा चढउतार कमी, आणि परतताना पाणी भरतीचं, बरंच वर आलेलं. बाबांचा वाढदिवस तिथीने मागेपुढे करा, ते रागावणार नाहीत.

तारखेचाच विषय निघालाय तर 26 जानेवारीच्या आगेमागे गेटवे टाळा. बंदोबस्तात धक्का कधी बंद होईल याचा नेम नसतो. आणि पुढे कोणाला सांगाल तर हेही सांगा की जूनपासून पावसाळाभर हे सगळं बंद असतं. जो जुलैत शिडाची सफर विकतो त्याच्याशी बोलू नये.

‘सनसेट सेल’ असं त्या मुंबईच्या माणसाने लिहून पाठवलं असेल, तर गंमत ऐका. गेटवेचं तोंड पूर्वेला आहे. सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही, तो कुलाब्याच्या इमारतींमागे जातो. तरी संध्याकाळी पाण्यातून मागे वळून पाहिलं की ताजचा घुमट आणि गेटवे काळ्या कडेने उठून दिसतात आणि पाणी तांब्याच्या भांड्यासारखं होतं. वाईट नाही. फक्त मुलांना ‘सूर्य बुडताना दाखवतो’ असं वचन देऊ नका. जानेवारीत साधारण सव्वासहाला मावळतो, त्याच्या आत धक्क्याला लागलेलं बरं.

सुरक्षेबद्दल फार घाबरवायचं नाही, पण 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीड बोट आदळली, ती स्वच्छ दुपार होती. चूक आपल्या बोटीची नसतानाही पाण्यात पडावं लागतं. म्हणून लाइफ जॅकेट धक्क्यावर घालायचं आणि धक्क्यावरच काढायचं. “आत गेल्यावर घालू, गरम होतं” हे बाबांचंसुद्धा ऐकू नका. लहान मुलाचं जॅकेट वेगळं असतं, मोठ्यांचं घट्ट बांधून चालत नाही. घातल्यावर त्याचे खांदे दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर पाण्यातही तेच होईल, पोर खालून निसटेल. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा. बुक करतानाच सांगा: “सहा वर्षांचा मुलगा आहे, वजन इतकं, त्याच्या मापाचं जॅकेट आहे का? फोटो पाठवा.” चांगला माणूस पाच मिनिटांत फोटो पाठवतो.

कागदपत्रं मागायला संकोच वाटतो आपल्याला, जणू काही आपण संशय घेतोय. घ्यावा. नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला, प्रवाशांचा विमा, आणि बोट चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात सागरी मंडळ किंवा त्या बंदराचं प्राधिकरण, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, यांच्याकडचे हे कागद असतात. तुम्हाला ते वाचून फार काही कळणार नाही, मलाही सगळं कळत नाही. पण ते दाखवताना समोरच्याचा चेहरा कळतो. त्याहून जास्त सांगणारा प्रश्न मी शेवटी विचारतो: “मागची सफर तुम्ही कधी रद्द केली, आणि का?” खरा स्किपर लगेच एक किस्सा सांगेल, त्या दिवशी वारा अमुक होता, गिऱ्हाईक भांडलं, तरी मी गेलो नाही. आणि “आमच्याकडे कधीच रद्द होत नाही” असं अभिमानाने सांगणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा. तुमचा रीलवाला या जातीचा वाटतो. फोनमध्ये तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर टाकून ठेवा, लागणार नाही.

मळमळीचं काय? खिंडसीला पोरांना बोटिंग करवून आणलं आणि काही झालं नाही, म्हणून निश्चिंत होऊ नका. तलावाच्या पाण्याला समुद्राचं ते लांब, आळशी हेलकावणं नसतं. आदल्या रात्री सावजी नको. सकाळी तर्री-पोहे नकोत. मुंबईत मिळणारही नाहीत. रिकाम्या पोटीही जाऊ नका, दुपारी वरण-भात-लिंबू एवढं पुरे. खिशात आलेपाक ठेवा. गोळी घ्यायची तर अवोमिनसारखी आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. शिवाय तिने गुंगी येते, म्हणून आई-बाबांच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. ज्याला कसंतरी व्हायला लागेल त्याला आत, खाली, सावलीत झोपवायला नेऊ नका. तिथे दुप्पट होतं. मोकळ्या हवेत, नजर दूर क्षितिजावर.

नाजूक पण महत्त्वाचं: लहान शिडाच्या बोटीवर संडास-मोरी नसते. बाबांना रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी तिची वेळ कधी ठेवायची हे डॉक्टरांशी बोलून घ्या. दोन तास हा आकडा मी नुसत्या वाऱ्यावरून काढलेला नाही.

आईंबद्दल मला वाटतं तुम्ही त्यांना विचारलेलंच नाही. “आई, तुम्ही येणारच ना!” असं विचारलं असेल, त्याला सासू नाही म्हणत नाही. जरा वेगळं विचारा: धक्क्यावरून छोट्या होडीत, त्या होडीतून मोठ्या बोटीत, असं दोनदा पाय उचलावा लागेल, तुम्हाला जमेल का, का तुम्ही आणि मी काठावर चहा घेत बसू? यायचं म्हणाल्या तर साडी नको, पंजाबी ड्रेस आणि मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला. बोटवाल्याला शिडी आहे का ते विचारा, आणि हात धरायला दोन खलाशी हवेत हे आधी सांगा. नाही म्हणाल्या तर पंचाहत्तरीचं काही बिघडत नाही.

आठांच्या दोन बोटी म्हणजे 18 हजार. जड वाटले तरी गोव्याच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीत, आणि वर एक फायदा आहे जो मला स्वतःला दोन बोटी घेईपर्यंत सुचला नव्हता. आपण ज्या बोटीत बसतो तिचं शीड फुगलेलं आपल्याला कधी दिसत नाही. फोटोत येतात ती माणसं आणि दोऱ्या. बाजूने दुसरी बोट चालत असेल तर बाबा शिडासकट संपूर्ण दिसतात. तेव्हा वाटणी अशी करा: एका बोटीत बाबा, तुम्ही आणि मोठं मूल; दुसऱ्या बोटीत बाकीचे, आणि त्यांच्यात ज्याचा हात फोटोला स्थिर तो. प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस नेमलेला असावा, ‘सगळे लक्ष देतील’ असं नको. स्किपर दिशा बदलताना शिडाखालचं आडवं लाकूड डोक्यावरून झपकन जातं. तो ओरडला की आधी वाकायचं, नंतर “काय झालं?” विचारायचं. हा सराव पोरांकडून गाडीतच करून घ्या.

यजमानांना सांगा, गोवा पुढच्या वर्षी मित्रांबरोबर जा, हवं तेवढं नाचा. ही सफर त्यांच्या वडिलांची आहे.

पैसे सगळे आधी भरू नका, तिसरा हिस्सा फार झाला. वाऱ्यामुळे किंवा धक्का बंद झाल्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. गॉगल आणि टोपी न्या, टोपीला दोरी हवी. आपल्याला उन्हाचं कौतुक नाही, नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात, दुपट्टा बांधून फिरणारी माणसं आपण, पण पाण्यावर वारा गार लागतो आणि ऊन खालूनही येतं, रात्री नाक सोलल्यावर कळतं. संत्री खुशाल न्या. सालं परत पिशवीत.

शेवटचं काम मात्र विसरू नका. बाबांच्या नकळत स्किपरला आधी फोन करून ठेवा, की मोकळ्या पाण्यात गेल्यावर दहा मिनिटं सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात द्या. बहुतेक जण आनंदाने देतात. तो दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे त्यांना आधी सांगू नका.